अर्धी करंगळी

कुठल्याही सभागृहात शिरलं की आधी देवाला नमस्कार करायचा आणि मग दारं मोजायची, हा नंदकिशोर हळब्यांचा सतरा वर्षांचा शिरस्ता. बंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या मराठी मंडळींच्या सभागृहाला चार दारं आहेत हे त्यांना पाठ होतं, तरी त्या रविवारी त्यांनी ती पुन्हा मोजली. चौथ्याला, मागच्या जिन्याकडे उघडणाऱ्या दाराला, कुणी तरी कुलूप घातलं होतं.

"अहो, आज यजमान आहात तुम्ही," शुभदाताई समईत तेल घालता घालता म्हणाल्या. "यजमानानं पाहुणे मोजावेत. दारं काय मोजताय?"

"कुलूप कुणी लावलं?"

"मांजर येतं म्हणून लावलंय. आणा किल्ली, उघडा, आणि एकदाचे शांत बसा."

शुभदाताईंनी हे सगळं इतकी वर्षं सोसलं होतं की आता त्यांना त्याचं हसूच यायचं. लेकीचं, शलाकाचं, ऑफिस महादेवपुऱ्यात. तिथल्या काचेच्या इमारतीत तिला भेटायला गेलं की पहारेकरी म्हाताऱ्या माणसाकडे पाहून "जावा, जावा" करायचा, आणि हळबे तिथंच हात पसरून उभे राहायचे. "नाही, नीट तपासा. पिशवीत तळाशीही बघा." मागे तरण्या पोरांची रांग तुंबायची. शलाका वरच्या मजल्यावरून फोन करून म्हणायची, "बाबा, प्लीज, तो जा म्हणतोय तर या ना आत!"

पण त्या दिवशीचं कीर्तन या सवयीमागच्याच गोष्टीचं होतं, म्हणून ती आधी सांगायला हवी.

हळबे विमानं बनवणाऱ्या सरकारी संशोधनसंस्थेत एकोणचाळीस वर्षं होते. दोन हजार आठच्या नोव्हेंबरात एका परिषदेसाठी मुंबईला गेले आणि सव्वीस तारखेला, बुधवारी, समुद्रकाठच्या त्या घुमटाच्या हॉटेलात जेवणाला थांबले. पुढं काय झालं ते साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. हळब्यांनी काहीच पाहिलं नाही. दिवे गेले, ते एका टेबलाखाली शिरले, पांढरा टेबलक्लॉथ तोंडाशी धरून नाम घेत राहिले. किती वेळ, कोण जाणे. मग अंधारात त्यांच्या हाताला एक हात लागला. त्या हाताच्या मागोमाग ते निघाले. एक लांब बोळ, तुपाचा आणि जळक्याचा वास, पुढं पायऱ्या. तो हातवाला एवढंच म्हणाला, "स्वल्प बघून. पायरी हाय." मग एकदम रस्ता, समुद्राचा वारा. धन्यवाद म्हणायला हळबे वळले तर मागं कोणी नाही.

त्या हाताची करंगळी अर्धीच होती. एवढं मात्र त्यांच्या तळहाताला नीट कळलं होतं.

दुसरा कोणी असता तर त्यानं तो माणूस शोधून काढला असता. हळब्यांनीही विचारलं, नाही असं नाही. महिन्याभरानं हॉटेलला पत्र टाकलं: अर्ध्या करंगळीचा, कानडी वळणानं बोलणारा तुमचा कोणी नोकर आहे का? उत्तर आलं, आमच्या नोंदीत असं कोणी नाही. आणि इथं हळब्यांच्या हातून ती चूक झाली, जी जन्मभर कीर्तनं ऐकलेल्या माणसाच्याच हातून व्हावी. त्यांनी ते पत्र देवघरात ठेवलं. लहानपणापासून त्यांनी शंभर वेळा ऐकलं होतं की देव नोकर होऊन येतो, भक्ताघरी पाणी भरतो, काम झालं की दिसेनासा होतो, आणि मागाहून चौकशी करावी तर असा नोकर कुणाला ठाऊकच नसतो. मग आणखी पुरावा कशाला हवा? शोध थांबला आणि आनंद सुरू झाला.

बेळगावच्या वसुमतीबाई कीर्तनाला आल्या असताना हळब्यांनी त्यांना हा अनुभव सांगितला, डोळ्यांत पाणी आणून. वसुमतीबाईंनी त्याचं आख्यान बांधलं. बाईंचा गळा असा की दगडालाही टाळी वाजवावीशी वाटेल. ऊस सोलताना देवाचं बोट कापलं, बहिणीनं भरजरी शेला फाडून चिंधी बांधली, ही कथा त्या आधी रंगवायच्या आणि मग त्या अंधारातल्या हातावर यायच्या. "आणि मंडळी, भक्तानं हात चाचपला, तो करंगळी अर्धी!" तबल्यावर थाप पडायची, सभा गहिवरायची. शिवाय 'जरा' म्हणायला मुंबईत कानडी 'स्वल्प' कोण म्हणेल? बंगळुरूच्या भक्ताला देव बंगळुरूचीच खूण पटवतो! धारवाड, हुबळी, चिक्कोडी, सोलापूर, सगळीकडे ते आख्यान गाजलं. फोनवर त्याचा व्हिडिओ फिरला. आता, सतरावं वर्ष पुरं व्हायला तीन दिवस असताना, ते खुद्द बंगळुरूत होणार होतं. बाहेरच्या फळ्यावर नाव होतं: 'अनुभव आणि यजमान: श्री. नंदकिशोर हळबे.'

साडेचारला कीर्तन. सव्वाचारला हळब्यांनी किल्ली मिळवून मागचं दार उघडलं. खाली स्वयंपाकघरात जायचा लोखंडी जिना होता. खालून पिठल्याचा खमंग वास येत होता. ते दोन पायऱ्या उतरले.

"स्वल्प बघून, सर. फुडली पायरी मोडलीय."

जिन्यात केटररच्या माणसांचा निळा शर्ट घातलेला, पंचेचाळिशीचा एक माणूस उभा होता. त्यानं हात पुढं केला, हळब्यांनी तो धरला, आणि भर दुपारच्या उजेडात त्यांच्या तळहातानं डोळ्यांच्या आधी ओळखलं.

त्यांनी खाली पाहिलं. करंगळी पहिल्या पेरापाशी संपली होती. जखम जुनी, कातडी गुळगुळीत झालेली.

"हे... हे कशानं?"

"गुऱ्हाळात. बारा वर्षांचा हुतो. ऊस आत सारताना चरकानं नेली." तो माणूस शांतपणे म्हणाला. "महांतेश माझं नाव. चिक्कोडीकडचा. सध्या हितंच येलहंक्यात ऱ्हातो. तुमची वाटच बघत हुतो, सर."

"माझी? तुम्हाला काय ठाऊक मी इथं येणार?"

"व्हिडिओत बाई सांगत्यात की. हळबेसाहेब कुठंबी गेले तर आधी मागलं दार बघत्यात." त्याला किंचित हसू आलं. "आज माझी पाळी नव्हती. परवा फळ्यावर तुमचं नाव बघितलं आन् मागून घेतली."

हळबे पायरीवर बसले. नमस्कार करावा की मिठी मारावी, कळेना. माणसाला करावा की देवाला, तेही कळेना. शेवटी ते काहीच्या बाही बोलले, "मी पत्र लिहिलं होतं. ते म्हणाले, असा नोकर नाही आमच्याकडे."

"मी त्यांचा नव्हतोच. फुलांच्या सजावटवाल्यासंगं गेलो हुतो. मी आन् आमच्या गावचा परसू. रोजावर."

"तुम्ही माझा जीव वाचवलात, महांतेश."

"न्हाई."

"म्हणजे?"

"मी कुणाचा जीव वाचवला न्हाई, सर. मी पळत हुतो." तो पायऱ्यांकडे बघत बोलत होता. "हात मी धरला नव्हता तुमचा. अंधारात कुणीतरी माझा हात धरला. सुटंना. म्हणलं येऊ दे मागनं. बाहेर पडलो तसा हात सोडवला आन् पळालो ते थेट स्टेशनावर."

"पण तुम्ही 'पायरी हाय' म्हणालात!"

"म्हणलो असंल. फुलं नेता-आणताना परसूला दिवसभर तेच म्हणत हुतो. तोंडात बसलं हुतं."

हळब्यांना वाटलं, जिना हलतोय. सतरा वर्षं ते सांगत आले होते की देवानं हात धरला. आता हा सांगत होता, हात तुम्हीच धरलात. कोणी कोणाचा धरला, हे खरंच आठवतं का? टेबलक्लॉथ आठवत होता. नाम आठवत होतं. त्यानंतर एकदम हात. मधलं काही नव्हतंच.

"आणि परसू?" त्यांनी विचारलं.

खालून कोणीतरी "ए महांतेश, कढी!" म्हणून ओरडलं. त्यानं "सरी, सरी, आलो" म्हणून ओ दिली आणि मग म्हणाला, "परसूला मी टेबलाखाली बसवलं. म्हणलं, हितंच बस, वाट बघून येतो. आन् मग परत गेलो न्हाई."

हळब्यांनी पायरीवर सरकून जागा केली, पण महांतेश उभाच राहिला.

"त्याची आई हाय, गंगव्वा. तिला मी सांगितलं, मी फुलं उतरवून आधीच परत फिरलो, परसू एकटाच आत ऱ्हायला. सतरा वर्सं तेच सांगतोय. आन् आता तुमचं आख्यान आमच्या गावात वाजतंय. शेजारच्या पोरीच्या फोनवर म्हातारी रोज ऐकती. अर्धी करंगळी, चिक्कोडीकडची बोली. सगळा गाव माझ्याकडं बघतो. दिवाळीला गेलो, तर तिनं माझा हात हातात घेतला. एकेक बोट मोजलं. काय बोलली न्हाई. उठली आन् चहा ठेवला."

"विचारलं नाही तिनं?"

"न्हाई. तेच तर." त्यानं हात शर्टाला पुसला. "सर, माझं एकच म्हणणं. देव आला म्हणायचं तर म्हणा. माझं काय जात न्हाई. पण मग माझं बोट त्यात घालू नका. काढून टाका तेवढं."

वरून शुभदाताईंचा आवाज आला. "अहो, बाई उभ्या राहिल्या! यजमान कुठं आहेत?"

पूर्वरंगात वसुमतीबाईंनी काय निरूपण केलं, हे हळब्यांना आजही सांगता येणार नाही. एरवी ते बाईंच्या प्रत्येक दृष्टान्तावर मान डोलावायचे. आज पुढ्यात पेटी वाजत होती, टाळ वाजत होते, आणि त्यांच्या डोक्यात एकच रहाटगाडगं फिरत होतं. करंगळी खरी आहे. करंगळी देवाची नाही. म्हणजे देव आलाच नाही? पण चिक्कोडीच्या गुऱ्हाळात बोट गमावलेला माणूस त्या रात्री नेमका त्यांच्या टेबलापाशी यावा, हे कोणी घडवलं? बरं, देवानं घडवलं म्हणावं, तर दुसऱ्या टेबलाखाली परसूही नामच घेत असेल की. त्याच्याकडे कोण गेलं? जो विचार धरावा तो मध्येच तुटायचा.

कीर्तन चालू असताना कोणी मध्ये बोलत नाही. बोलायचंच तर मध्यंतरात, यजमान कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतो तेवढ्यात. हळबे उठले. त्यांनी वसुमतीबाईंच्या कपाळी बुक्का लावला. हार घालण्यासाठी बाईंनी मान वाकवली, तेव्हा ते कानाशी म्हणाले, "ताई, आज बोट नको."

"काय?"

"करंगळी. ती गाळा."

बाईंनी हसरं तोंड सभेकडेच ठेवून ओठातल्या ओठात विचारलं, "अहो, आख्यान सगळं त्या करंगळीवर उभं आहे. ती काढली तर काय सांगू?"

"मला नाही ठाऊक. पण ती नको. पाया पडतो."

वसुमतीबाईंनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग टाळ उचलले.

उत्तररंग सुरू झाला. ऊस, शेला, चिंधी यातलं काहीच आज आलं नाही. बाई थेट त्या हॉटेलात शिरल्या. दिवे गेले. नाम सुरू झालं. त्यांचा आवाज खाली खाली आला, तबलजीनं हात आवरला, आणि दोनशे माणसांनी श्वास रोखला. "आणि अंधारात हाताला हात लागला. तो हात कोणाचा, मंडळी, हे तो जाणे! बोला..."

नामघोष सुरू होणार, एवढ्यात तिसऱ्या रांगेतून सुलभाताई उठल्या. वय ऐंशी, मंडळाच्या पहिल्या सभासद, आणि व्हिडिओ त्यांनी किमान वीस वेळा पाहिलेला. "अहो बाई, बोट राहिलं की!" त्या अगदी प्रेमानं ओरडल्या. "अर्धी करंगळी! तेवढ्यासाठी गुडघे दुखत असताना आलेय मी!"

सभेत हसू फुटलं. "राहिलं, राहिलं" असे आणखी दोन-चार आवाज आले. एक मुलगा फोन उंच धरून चित्रण करत होता. मागच्या दारात निळे शर्ट जमले होते, आणि त्यांत महांतेश होता, हातात पाण्याचा जग धरून. वसुमतीबाई काय करणार? त्यांनी हळब्यांकडे पाहिलं.

आणि हळबे उभे राहिले. कीर्तनात मध्येच उभे राहिले. जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं.

"सुलभाताई," ते म्हणाले, "करंगळी नव्हती. म्हणजे, होती. पुरी होती. अर्धी वगैरे काही नव्हतं. ते मी घातलं पदरचं. कथेला गोडी यावी म्हणून."

आधी कोणाला कळलंच नाही. मग कुजबुज पसरली. सुलभाताई म्हणाल्या, "म्हणजे एवढी वर्षं आम्ही..." आणि खाली बसल्या. शुभदाताईंचा चेहरा पांढरा पडला. सतरा वर्षं त्या देवघरातल्या पत्राची धूळ पुसत आल्या होत्या. नवरा खोटं बोलतोय एवढं त्यांना कळलं. कधीचं खोटं, ते कळलं नाही.

वसुमतीबाई मात्र जातिवंत. त्यांनी टाळ असे खणखणवले की कुजबुज बुडून गेली. "जय जय रामकृष्ण हरी!" सभेनं, सवयीनं का होईना, उचलून धरलं. हळबेही म्हणत होते. नाम तेच होतं, टेबलाखालचं. पण आज ते कोणाला हाक मारत होते, हे त्यांचं त्यांना उमगत नव्हतं.

आरती झाली. पाया पडायला गेले तेव्हा वसुमतीबाई हळूच म्हणाल्या, "नंदकिशोरराव, एक विचारू? खोटं तुम्ही तेव्हा बोललात की आत्ता?"

"आत्ता," हळबे म्हणाले. मग थोडं थांबून, "तेव्हाही थोडं असेल. मला माहीत नव्हतं, एवढंच."

"मग हे आख्यान मी आता कुठं करू?"

"ताई, तेही मला कळत नाही."

बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

खाली प्रसादाच्या पंगतीत हळब्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. शुभदाताई पलीकडच्या रांगेत बसल्या. रागानं की लाजेनं, ते घरी गेल्यावर कळलं असतं. पिठलं वाढत महांतेश आला. पळी ताटावर धरून थांबला.

"खोटं बोललासा, सर."

"हो."

"सगळ्यांच्या म्होरं."

"हो. तुम्हीच म्हणालात ना, बोट काढा म्हणून?"

"म्हणलो हुतो." महांतेशनं पिठलं वाढलं, गरजेपेक्षा बरंच जास्त. "पण मागं उभा हुतो तवा वाटत हुतं, तिसऱ्या रांगेतली म्हातारी ओरडली तसं बाईनं सांगून टाकावं. एकदाचं सुटलो असतो. आता ते पोरानं काढलेलं गंगव्वा ऐकणार. करंगळी पुरी हुती म्हणून. आन् तिनं तर मोजलीया."

हळबे घास हातात धरून बसून राहिले. त्यांनी एका माणसाला वाचवलं होतं की आणखी खोल ढकललं होतं? एवढं मोठं धाडस केलं आणि ते चुकीच्या बाजूनं तर नाही झालं?

"मी काय करू, महांतेश?"

"मला काय ठावं? शिकलेले तुम्ही." पुढच्या रांगेतून "अण्णा, पिठलं!" अशी हाक आली, तरी तो हलला नाही. "बुधवारी परसूचा दिवस. मंगळवारच्या बसनं चाललोय. दर वर्सी जातो. नैवेद्य मीच दाखवतो."

"मी येऊ?"

"येऊन काय सांगणार तिला?"

हळब्यांनी विचार केला. देव आला होता, असं? आला नव्हता, असं? तुमच्या मुलाला सोडून आलेल्या माणसाचा हात मी सोडला नाही, म्हणून आज बसलोय, असं? मधला काळोख त्यांना आठवतच नव्हता. कुणालाच आठवत नव्हता बहुधा.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "बसेन तिच्यापाशी. परसू कसा होता ते विचारीन. आपण दोघं गेलो तर निदान तिला विचारायला दोन माणसं मिळतील."

महांतेशनं पळी भांड्यात ठेवली. अर्ध्या करंगळीचा हात शर्टाला पुसला. "तिकीट काढू मग?"

"काढा." आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "दाराजवळची जागा मिळाली तर बघा."

महांतेश पहिल्यांदाच मोकळं हसला. "सर, मीबी दाराजवळच बसतो. सतरा वर्सं. बसला दार एकच असतंय. कसं करायचं?"

हळबे खरोखरच विचारात पडले. पिठलं निवत होतं, पलीकडच्या रांगेतून शुभदाताई त्या दोघांकडे बघत होत्या, आणि वर मागच्या जिन्याचं दार सताड उघडं होतं.